आधी उतार, मग फरशी

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास टाइल्सच्या कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये गर्दी असते ती नवं घर बांधायला काढलेल्यांची. नवरा, बायको, सोबत एखादी नणंद किंवा मेहुणा, आणि मोबाइलमध्ये साठवलेले शंभरेक फोटो. मास्टर बाथरूमचा नमुना जिथे मांडलेला असतो तिथे ही मंडळी सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात. संगमरवरी शिरांच्या चार-चार फुटी टाइल्स, भिंतीतून अधांतरी निघालेला कमोड, थेट छतातून कोसळणारा शॉवर, काळे नळ. त्या नमुन्यात दोन गोष्टी मात्र कधीच नसतात. तिथे पाणी वाहत नसतं आणि तिथे कोणी अंघोळ करत नसतं.

इकडे साइटवर विटकाम छातीइतकं आलेलं असतं. गवंड्याला पुढचा थर लावायचा असतो, प्लंबरला पाइपाची जागा धरायची असते, आणि दोघांनाही आधी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. “ताई, कमोड कुठल्या भिंतीला घ्यायचा?” टाइल्सवर कित्येक रविवार खर्च होतात आणि या प्रश्नाचं उत्तर जिन्याच्या कच्च्या पायऱ्या उतरता उतरता दिलं जातं. हा क्रम उलटा आहे. टाइल पुढे आवडेनाशी झाली तर उखडून बदलता येते. कमोडचा पाइप कुठल्या भिंतीतून, कोणत्या उतारानं, कोणाच्या डोक्यावरून जाणार हे एकदा ठरलं की घर उभं आहे तोवर ते तसंच राहतं.

नळाचं पाणी दाबाखाली असतं. त्याचा पाइप वर न्या, खाली न्या, भिंतीला वळसा घालून न्या, पाणी पोचतं. मैला वाहून नेणाऱ्या 110 मिलिमीटरच्या पाइपाला अशी कोणतीही सवलत नाही. तो फक्त उतारावर चालतो. जितका लांब आडवा जाईल तितका खाली उतरत जातो, त्यासाठी स्लॅब तितकाच जास्त खोल घ्यावा लागतो, आणि वाटेत जितकी वळणं तितक्या तुंबायच्या जागा. म्हणून न्हाणीघराच्या आखणीत पहिली रेघ मारायची ती उभ्या पाइपाची: बाहेरच्या भिंतीवर, कुठे, आणि तिथून खालच्या चेंबरपर्यंत सरळ वाट आहे का. कमोड त्या रेघेच्या जवळात जवळ. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

दुमजली घरात वरचं न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या बरोबर डोक्यावर आलं तर निम्मी चिंता मिटते. राष्ट्रीय इमारत संहिताही हेच सांगते. शौचालय शक्यतो दुसऱ्या शौचालयाच्या, न्हाणीघराच्या किंवा गच्चीच्याच वर किंवा खाली असावं. राहत्या खोलीच्या वर घ्यायचंच असेल तर त्याची जमीन पाणी अजिबात न झिरपणारी हवी. आणि निदान एक भिंत तरी बाहेरच्या हवेला लागलेली हवी. देवघराच्या किंवा चुलीच्या डोक्यावर संडास नको, म्हणून हट्ट धरणारी घरातली आजी आणि दिल्लीत छापलेली संहिता इथे एकाच बाजूला उभ्या आहेत. ईशान्येच्या बाबतीत मात्र दोघींचं एकमत होईलच असं नाही. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी ते जरूर मानावं, पण दिशेसाठी कमोड समोरच्या भिंतीला सरकवल्यावर पाइप बारा फूट आडवा धावणार असेल, तर त्या बारा फुटांची किंमत काय हे आर्किटेक्टनं घरमालकाला त्याच वेळी स्पष्ट सांगितलं पाहिजे.

बाहेरच्या भिंतीचा हा नियम कोणा आधुनिक अभियंत्यानं शोधलेला नाही. सिंधमधल्या मोहेंजोदडोची घरं साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या घराघरांत अंघोळीचा विटांचा ओटा सापडला. तो बहुधा गल्लीच्या अंगाला असे, त्याच्या विटा घासून अशा सांध्यात बसवलेल्या की फटीत पाणी शिरू नये, आणि ओट्याचा उतार भिंतीतल्या मोरीकडे, मोरीतून गल्लीतल्या गटारात. गावातलं मोठं स्नानकुंड सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल. त्याच्या भिंती जिप्समच्या गिलाव्यात रचलेल्या, आणि पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर. आज प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला मिळून जे करतात, ते सगळं तिथे आहे: बाहेरची भिंत, घट्ट सांधे, उतार, मोरी, झिरप रोखणारा थर. कारागिरांनी सुरुवात कुठून केली असेल, हे ओट्याकडे पाहिल्याबरोबर कळतं. पाणी बाहेर कुठून जाणार, तिथून.

उलट उदाहरण पॅरिसजवळ पॉयसी इथे आहे, आणि ते जगातल्या सर्वांत गाजलेल्या घरांपैकी एका घरात आहे. चंदीगड आखणारे ल कॉर्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर झानरे यांनी बांधलेला व्हिला सवोय 1931 मध्ये पुरा झाला. मुख्य शयनगृहाला लागून त्यांनी न्हाणीघर उघडं ठेवलं. मध्ये भिंत नाही, फक्त पडदा. निळ्या टाइल्सचा जमिनीत उतरलेला टब, आणि त्याच्या कडेला पाठीला टेकण देणारा, अंगाच्या वळणाबरहुकूम घडवलेला टाइल्सचा बाक. अंघोळ झाल्यावर आडवं व्हावं आणि वरच्या झरोक्यातून येणारा उजेड अंगावर घ्यावा, ही कल्पना. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी या न्हाणीघराची जितकी चित्रं पाहिली असतील तितकी दुसऱ्या कुठल्याच न्हाणीघराची पाहिली नसतील. आणि घराच्या मालकीणबाई, मादाम सवोय, वर्षानुवर्षं पत्रं लिहून कळवत होत्या की पाऊस प्रवेशदालनात येतो, उतरणीवर येतो, आणि बाथरूमच्या झरोक्यातून आत कोसळतो. 1940 मध्ये ते कुटुंब घर सोडून गेलं. त्या बाकाचं सौंदर्य खोटं नव्हतं. न्हाणीघराला बेडरूमइतकंच प्रेमानं घडवावं, हा त्यातला विचार आजही घेण्यासारखा आहे. पण ज्या छपराला पाणी थोपवता आलं नाही, त्याखाली तो बाक निरुपयोगी ठरला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, त्यात बाथरूमला छतातून उजेड घ्यायची हौस करण्यापूर्वी मादाम सवोय यांची आठवण ठेवावी. भिंतीतली खिडकी, तिला वर छज्जा आणि झडपांची काच, एवढ्यानं उजेडही येतो, वाफही जाते.

झिरप मुख्यतः आतूनच होते, हे मात्र लक्षात घेतलं पाहिजे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराचा स्लॅब साधारण आठ इंच ते फूटभर खाली घेतात. त्या खड्ड्यात आधी तळाला आणि भिंतींना वॉटरप्रूफिंग, मग पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि त्याच्यावर फरशी. चांगला कारागीर ओळखायचा असेल तर तो कोपऱ्यात काय करतो ते पाहावं. भिंत आणि जमीन जिथे काटकोनात भेटतात तिथे तो वाटा काढतो, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार देतो, कारण भेग पहिल्यांदा तिथेच पडते. पाइप स्लॅबमधून जिथे आरपार जातो त्याच्या भोवतीची गोल फट तो हातानं दाबून भरतो. या दोन कामांना मिळून अर्धा दिवसही लागत नाही. ती चुकली की खालच्या खोलीच्या छताला पिवळसर डाग दिसतो, मग पोपडा येतो, मग वरची सगळी फरशी उखडावी लागते, संगमरवरी शिरांसकट.

उताराचं गणित सोपं आहे. ऐंशी भागांना एक भाग, असा उतार धरला तर आठ फुटांच्या लांबीत फरशी तीस मिलिमीटर खाली उतरली पाहिजे. हे तीस मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्याला कळतात. आणि इथेच चार फुटी टाइलचा मोह आड येतो. जाळी जमिनीच्या मधोमध असेल तर फरशीला चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो. मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही, ती कापावी लागते, आणि कापायला मन धजत नाही म्हणून उतारच सोडून दिला जातो. मग अंघोळीनंतर तासभर पाणी कोपऱ्यात साचून राहतं. मोठी टाइलच हवी असेल तर जाळी भिंतीच्या कडेला लांब पट्टीची घ्यावी, म्हणजे एकाच दिशेचा उतार पुरतो. नाहीतर अंघोळीच्या जागेपुरती लहान टाइल लावावी. तिचे सांधे जास्त असतात आणि त्या सांध्यांवर पाय घट्ट राहतो.

जाळीखालच्या नहाणी ट्रॅपबद्दल घरमालक क्वचितच विचारतात, तरी घराला वास येणार की नाही हे तोच ठरवतो. पाइपाला वळण देऊन त्यात थोडं पाणी कायमचं अडकवून ठेवायचं, म्हणजे गटारातली हवा वर येत नाही, ही युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं लंडनमध्ये 1775 साली पेटंट घेऊन पक्की केली. कमोडमध्ये दिसणारं पाणी म्हणजे तीच युक्ती. नहाणी ट्रॅपमध्ये हे पाणी निदान 50 मिलिमीटर उंच उभं हवं. बाजारात त्याहून उथळ ट्रॅप मिळतात आणि ते बसवायला सोपे असतात; घेऊ नयेत. पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही की जो वास येतो, तो याच पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळे. तांब्याभर पाणी जाळीत ओतलं की पुरे.

आता माणूस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वास्तुकला शिकवणारे अलेक्झांडर कीरा यांनी अनेक वर्षं या एकाच खोलीचा अभ्यास केला आणि 1966 मध्ये ‘द बाथरूम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणूस कसा वाकतो, कसा बसतो, तोंड धुताना पाणी कुठवर उडतं, हात कुठे पोचतो, हे त्यांनी मोजून पाहिलं आणि निष्कर्ष काढला की घरोघरची बेसिनं आणि टब माणसाच्या शरीराला सोयीची नाहीतच. कीरा यांनी मोजली ती तिकडची माणसं आणि तिकडच्या सवयी. पद्धत मात्र आपण जशीच्या तशी उचलावी. आधी आपल्या घरात अंघोळ कशी होते ते पाहावं आणि मग रेघ मारावी.

आपल्या बहुतेक घरांत अजून अंघोळ बादलीनं होते. शॉवर असतो, सुट्टीच्या दिवशी वापरलाही जातो, पण गरम-गार पाणी बादलीत सोडून, हात घालून, तांब्यानं किंवा मगानं घेणारी माणसं घरोघर आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही. बादलीच्या अंघोळीला वीस लिटर पाणी पुष्कळ होतं. साधा शॉवर दोन-तीन मिनिटांत तितकं पाणी सोडतो. मग आखणीत बादलीला जागा का नसते? नळ कधी इतका खाली की भरलेली बादली बाहेर काढताना तिरपी करावी लागते, कधी भिंतीपासून इतका जवळ की अर्धी धार बादलीबाहेर. नळाची तोटी जमिनीपासून दोन फुटांवर आणि भिंतीपासून पुरेशी पुढे आली की हा रोजचा त्रास संपतो. स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्याला दोन्ही कोपर मोकळे फिरायला तीन फूट रुंदी तरी लागते. साबणाचा कोनाडा उभ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर असेल, तर बसलेल्या माणसाला प्रत्येक वेळी उठावं लागतं; म्हणून कोनाडे दोन, एक वर, एक खाली.

आणि घरात बाळ येणार असेल तर? न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी बुटक्या पाटावर बसतात, साडी गुडघ्यांवर खोचतात, दोन्ही पाय समोर लांब सोडतात आणि नडग्यांवर बाळाला आधी उताणं, मग पालथं घेतात. उजव्या हाताला कढत पाण्याचं पातेलं, शेजारी गार पाण्याची बादली, डावीकडे तेलाची वाटी आणि डाळीचं पीठ. बाळ रडून लाल झालेलं असतं, मावशी एका हातानं त्याची मान तोलून दुसऱ्या हातानं पाण्याचा कढ बघत असतात, आणि पायाशी दुपटं पसरून आजी उभी असते. हे सगळं तीन फूट बाय तीन फुटांच्या काचेच्या खोक्यात होत नाही. मावशींच्या पाठीपासून टाचांपर्यंतच चार फूट हवेत, वर आजीला उभं राहायला फूटभर. अंघोळीची जागा तीन बाय पाच फुटांची धरली आणि काच पक्की न बसवता एका बाजूनं पूर्ण उघडणारी घेतली, तर बाळही न्हाऊन निघतं आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसलेल्या मोठ्या लेकाला तेल-उटणं लावायला आईलाही जागा होते. हीच जागा पुढे कधी व्हीलचेअरवरच्या अंघोळीलाही पुरते.

कमोडच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट परदेशी नमुन्यांवरून आखलेल्या नकाशांत हटकून चुकते. आपण पाण्यानं धुतो. डावा हात धुवायला, उजव्या हातात जेट. म्हणजे बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला भिंत हवी, निदान अर्धी भिंत हवी, आणि जेटचा नळ तिथे हवा. नकाशात त्या जागी कागदाचा रोल दाखवलेला असतो आणि जेट पाठीमागे जातो. मग रोज अंग पिळवटून तो शोधावा लागतो. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत निदान सव्वा फूट, समोर दोन फूट मोकळे. दार उघडं राहिलं तर पलंगावरून कमोड दिसू नये. दारासमोर बेसिन यावं.

बेसिन तर शक्य असेल तिथे बाथरूमच्या बाहेरच काढावं. वाड्यांत न्हाणीघर वेगळं, संडास वेगळा, बहुधा परसात, आणि हात-पाय धुवायला मोरी निराळी अशी व्यवस्था असे. फ्लॅट आले आणि जागा वाचवण्यासाठी तिन्ही एका दारामागे कोंबले गेले. सकाळी आठला नवऱ्याला दाढी करायची असते, बायकोला अंघोळ, आणि दार एक. शयनगृह आणि न्हाणीघर यांच्यामधल्या कपाटांच्या बोळात बेसिन आणि आरसा आला की दोघांची सकाळ सुटी होते. कोरडा भाग कोरडा राहतो आणि संध्याकाळी बाहेरून आल्यावर हात-तोंड धुवायला ओल्या फरशीवर जावं लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग बाथरूम मोठंच घ्यावं. मोठं किती? संहितेनुसार संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर, म्हणजे तीस चौरस फूट, आणि रुंदी चार फूट. हे अगदीच किमान. वर सांगितलेलं सगळं सहा बाय नऊ फुटांत नीट बसतं. हल्ली बंगल्यांच्या नकाशांत आठ बाय दहाची मास्टर बाथरूम सर्रास दिसतात. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे 1920 च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली एक खोली 160 चौरस फुटांची. तिच्या कोपऱ्यात छोटीशी मोरी, संडास मजल्याच्या टोकाला, सर्वांचा मिळून. त्या खोल्यांत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. ऐंशी चौरस फुटांचं बाथरूम आखताना ते चाळीतल्या अर्ध्या घराएवढं आहे, याची जाणीव ठेवावी. ज्याला परवडतं त्यानं मोठं बांधू नये असं नाही. पण रिकामी जागा पाण्याला उपयोगी पडत नाही. ती पुसावी लागते, तिच्यात पाय घसरतो, आणि आधाराला भिंत हाताशी राहत नाही.

घसरण्याचा विषय घरात काढला की मंडळी म्हणतात, “आई-बाबा काय, खालच्या खोलीत राहतील.” मास्टर बेडरूम ज्यांच्यासाठी बांधली जाते ती पंचेचाळिशीतली माणसं वीस वर्षांनी स्वतःच आई-बाबांच्या वयाची होतात, याचा हिशेब नकाशात सापडत नाही. त्याला खर्च फार थोडा लागतो. दार मोकळं तीन फुटी. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत पडलेला माणूस दारालाच टेकून पडला तर आत उघडणारं दार उघडत नाही. कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी धरायला दांडी आज लावायची नसली तरी तिची जागा आजच धरावी. हल्ली भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात आणि त्यात बसवलेला स्क्रू भरल्या अंगाच्या माणसाचा झोक सोसत नाही. म्हणून जिथे दांडी येणार तिथले दोन-तीन ब्लॉक गाळून काँक्रीट भरून घ्यावं. गवंड्याचं तासाभराचं काम आहे. टाइल घेताना दुकानदाराकडून ग्लासभर पाणी मागावं, टाइल जमिनीवर ठेवून तिच्यावर थोडं ओतावं आणि चप्पल काढून उभं राहावं. घरातल्या सर्वांत वयस्क माणसालाच उभं करावं. पाय सरकला तर ती टाइल भिंतीला लावावी.

पाण्याच्या येण्याचाही हिशेब आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या राज्यात हे घडलं तिथे न्हाणीघर आखताना लिटर मोजायलाच हवेत. गच्चीवर सोलर आणि न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये पाऊण इंची पाइप पंधरा मीटर, तर गरम पाणी यायच्या आधी जवळपास चार लिटर गार पाणी वाहून जातं, प्रत्येक अंघोळीला. सोलरची टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर आली की हे पाणी वाचतं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर छतातल्या शॉवरची भोकं वर्षभरात बुजतात आणि तिथे हातही पोचत नाही. अशा गावांत हातातला शॉवर बरा, तो काढून लिंबात बुडवता येतो. कोकणात घरामागच्या न्हाणीचं पाणी केळींना आणि अळूला जाई. आजही अंघोळीच्या पाण्याचा पाइप कमोडच्या पाइपापासून पहिल्यापासून वेगळा ठेवला, तर ते पाणी कुंपणाच्या झाडांकडे वळवता येतं. नंतर करू म्हटलं की होत नाही, कारण तोवर दोन्ही पाइप भिंतीआड एकत्र झालेले असतात.

हे सगळं कागदावर कळत नाही. नकाशात कमोड म्हणजे एक लंबगोल आणि बादली दाखवायची पद्धतच नाही. म्हणून स्लॅब झाला, भिंतींची पहिली ओळ बसली, की साइटवर खडूनं किंवा फक्कीनं खरी मापं टाकून न्हाणीघर आखावं. बेसिन, कमोड, अंघोळीची चौकट, दाराचा वळसा. मग तिथे खरोखर स्टूल ठेवावं, भरलेली बादली ठेवावी आणि घरातल्या प्रत्येकानं एकदा बसून पाहावं. कोपर कुठे लागतं, उठताना हात कशाला जातो, नळ पाठीला लागतो का, हे तिथल्या तिथे कळतं. भिंत चार इंच सरकवायची ती तेव्हाच. मिस्त्री त्या दिवशी कुरकुरेल. त्याला चहा पाजावा आणि थांबवून ठेवावं.

आणि शेवटी दोन कामं, जी ठेकेदाराच्या घाईवर सोडू नयेत. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळीचं तोंड घट्ट बंद करून न्हाणीघरात चार इंच पाणी भरावं, पाण्याच्या पातळीशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारावी आणि किमान दोन दिवस, जमल्यास तीन, ते तसंच ठेवावं. उन्हानं बोटभर कमी झालं तर चालेल. खालच्या छताला ओल दिसता कामा नये. दिसली तर फरशीचा एकही तुकडा आत येऊ देऊ नये. दुसरं, पाइप कोब्यात आणि गिलाव्यात गाडले जाण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा आणि जमिनीचा फोटो घ्यावा, भिंतीला मोजपट्टी लावून, कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असा. ते फोटो छापून खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दांडी बसवायला आलेल्या माणसाला ड्रिल कुठे मारायचं नाही, हे त्यावरूनच सांगता येईल.